हवालदार फडतरे यांचा ळ

नाव: नाथाजी हंबीरराव फडतरे. हुद्दा: माजी हवालदार, सप्लाय खाते, भूदल. उंची: पाच फूट साडेपाच इंच. छाती: तेहतीस, फुगवून पस्तीस. वर्ण: गव्हाळ. ओळखीची खूण: डाव्या गालावर व्रण, लांबी दीड इंच. वर्तणूक: अत्यंत समाधानकारक. व्यंग: निरंक.

हा तपशील हवालदारांच्या डिस्चार्ज बुकात टाइप केलेला आहे आणि एक नोंद सोडली तर बरोबर आहे. चुकीची नोंद शेवटची. अठरा वर्षं नोकरी करून नाथाजी १९६८ साली कराडजवळच्या आपल्या गावी परतले तेव्हा त्यांच्याजवळ एक लोखंडी ट्रंक होती, दोन पदकं होती आणि एक सोडून मराठीतली सगळी अक्षरं होती. ळ गेला होता.

तो नेमका कुठं पडला हे सांगता येत नाही. मराठा पलटणीत असते तर वाचला असता, कारण तिथं शेजारच्या खाटेवर कोरेगावचा नाहीतर खटावचा कोणी असतोच आणि ळ रोजच्या वापरात राहतो. नाथाजी पडले सप्लायमध्ये. उजवीकडं गढवाली, डावीकडं पंजाबी, वर बंगाली साहेब. खायला डाल, प्यायला नलाचं पाणी. ज्या अक्षराची अठरा वर्षं कुणी हजेरीच घेतली नाही, ते फरारी झालं यात नवल नाही.

गावानं पहिलं वर्षभर हसून घेतलं. ‘जरा मालावर जाऊन येतो,’ असं हवालदार म्हणाले की त्यांचा कसला माल कुठं उतरलाय याची चौकशी व्हायची. ते बिचारे माळावर निघालेले असायचे. त्यांची मुलगी शालेत जायची आणि ऊस गालपाला जायचा. मग गाव कंटाळलं. घरात मात्र शालूबाईंनी पहिल्याच महिन्यात पद्धत बसवली होती. नवरा बोलला की जिथं ल येईल तिथं मनातल्या मनात ळ घालून बघायचा. अर्थ लागला तर तो ठेवायचा. ‘त्येंचं आपुन दुरुस्त करून घ्यायचं,’ हे त्यांनी मुलीलाही शिकवलं. ‘त्येंला सांगून उपेग न्हाई. सांगितलं तरी ल च म्हनत्याल.’ आठ-नऊ वर्षांत ही दुरुस्ती इतकी अंगवळणी पडली की ती कानातच उरकली जाई आणि आत पोचेपर्यंत शब्द शुद्ध झालेला असे.

लष्करानं एक अक्षर काढून घेतलं तसा एक शब्द भरपाईला दिला होता: ड्यूटी. उसाला पाणी द्यायला गेलं की पाण्याची ड्यूटी, म्हैस धुवायला नेली की म्हशीची ड्यूटी. सासूच्या तेराव्यालाही ते ड्यूटी म्हणूनच गेले होते, आणि शालूबाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं.

गालावरचा व्रण गोळीचा आहे असं गाव मानत होतं. नाथाजींनी तसं कधी सांगितलेलं नव्हतं. पासष्टच्या लढाईनंतर ते पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘गोळी का, दाजी?’ नाथाजी तेव्हा चहा पीत होते. ते पीत राहिले. तेवढ्यावर गावानं पुढचं सगळं उभं केलं. दर सव्वीस जानेवारीला हायस्कुलात हवालदारांना पहिल्या ओळीत खुर्ची मिळायची आणि झेंड्याला सलामी देताना पोरं झेंड्याकडं न बघता त्यांच्या गालाकडं बघायची. ती खुर्ची त्यांना आवडायची. न आवडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

१९७७ साली त्यांची मुलगी मनू एकवीस वर्षांची झाली. ती मॅट्रिक पास होती. पहिल्या स्थळाला ती उंच वाटली आणि दुसऱ्याला शिकलेली. तिसरं स्थळ तासगावच्या पूर्वेकडचं. आकाराम जगदाळे यांचा मोठा मुलगा मानसिंग. शालूबाईंच्या अंगात ताप होता म्हणून नाथाजी एकटेच विट्यामार्गे एस.टी.नं जाऊन स्थळ बघून आले.

तिथं काय झालं ते आधी सांगतो, कारण घरी काय पोचलं ते वेगळं आहे.

मुलगा घरी नव्हता. आकारामनी चहाबरोबर एक कागद पुढं ठेवला. मानसिंग पोलिसात भरती झाल्याचा तो हुकूम होता आणि त्यात त्याला बक्कल क्रमांक १३४७ दिल्याचं लिहिलं होतं. पोलीस शिपायाच्या कमरपट्ट्याला जे पितळी बक्कल असतं त्यावर त्याचा नंबर असतो. म्हणून आमच्याकडं पोरगं पोलिसात लागलं असं न म्हणता त्याला बक्कल मिळालं असं म्हणतात. नाथाजींनी हुकूम दोनदा वाचला. ज्या माणसाची छाती, उंची आणि चालचलणूक सरकारनं स्वतः तपासून त्याच्या कमरेला नंबर लावलाय, त्याची आपण आणखी चौकशी करणं म्हणजे सरकारवर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं. जमीन किती, हे त्यांनी विचारलं नाही. ‘जगदाले, माझ्याकडनं शब्द झाला,’ असं म्हणून ते साखर खाऊन उठले.

घरी शालूबाई अंथरुणात बसून वाट बघत होत्या.

‘कसं हाय घर?’

‘घर बारकं हाय. पर बक्कल हाय.’

शालूबाईंच्या कानानं आपलं काम केलं. बक्कळ हाय.

‘बागा दिसल्या का?’ तासगाव म्हटलं की द्राक्षाच्या बागा, एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

‘दिसल्या की. रस्त्याच्या दोनी अंगांना बागाच.’

‘पोरगं कसं हाय?’

‘घरात न्हवता. ड्यूटीवर हुता.’

म्हणजे बागेला पाणी देत होता. शालूबाईंचा ताप त्या संध्याकाळी उतरला.

‘आनि काय बघितलं?’

‘आता बक्कल हाय म्हनल्यावर आनि काय बघायचं?’ नाथाजी म्हणाले. शालूबाईंनाही ते पटलं.

तर असं झालं. आठ-नऊ वर्षांत एकदाच हवालदारांनी ल च्या जागी ल म्हटला, आणि नेमका तोच दुरुस्त करून घेतला गेला.

पुढच्या रविवारी जगदाळे मंडळी मुलगी बघायला आली: आकाराम, त्यांच्या पत्नी बनाबाई आणि मानसिंग. मुलीला चार प्रश्न विचारायला गावाकडून कोणीतरी शिकलेलं असावं लागतं, म्हणून दादासो मास्तरांना बोलावलं होतं. मास्तरांनी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकतीच पेन्शन घेतली होती आणि व्याकरण विचारायला त्यांना आता कुणी उरलं नव्हतं. मानसिंगचे केस बारीक कापलेले होते. शालूबाईंना वाटलं, नवस असेल.

मनूनं पोहे आणून ठेवले, मास्तरांनी तिला कर्मणी प्रयोग विचारला, तिनं तो सांगितला आणि ती आत गेली. सगळं व्यवस्थित चाललं होतं. शालूबाईंनी पदर सावरून विषय काढला.

‘औंदा बागा कशा हायत, पाव्हणं?’

‘लय जोरात,’ आकाराम म्हणाले.

‘किती हायत?’

‘आता मोजायच्या कुनी? आमच्या भागात घरटी बाग झालीया.’

‘भागातल्या न्हवं. तुमच्या.’

‘आमच्या?’ आकारामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. ‘आमचं दोन एकर कोरडवाहू हाय. बाजरी करतो. पाऊस झाला तर.’

आतली बांगड्यांची किणकिण थांबली.

‘मग बक्कळ हाय म्हनलासा ते?’ शालूबाईंनी विचारलं.

‘कोन म्हनलं?’

सगळ्यांनी नाथाजींकडं पाहिलं.

‘मी म्हनलो,’ नाथाजी म्हणाले. ‘बक्कल हाय. खोटं काय हाय त्यात?’

‘अवो, कुठाय बक्कळ? दोन एकर बाजरी हाय!’

‘आगं बक्कल न्हवं,’ नाथाजी कळवळून म्हणाले, ‘बक्कल!’

हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी दुसरा शब्द थोडा मोठ्यानं म्हटला, पण त्यानं फरक पडला नाही.

‘हवालदार,’ आकाराम म्हणाले, ‘मी तुमच्या म्होरं हुकूम ठिवला हुता का न्हाई?’

‘ठिवला हुता.’

‘त्यात बागा लिवल्या हुत्या?’

‘न्हाई.’

‘मग आमाला घरी बोलवून ही चौकशी कसली? आमी काय लबाडी करून पोरगी न्यायला आलोय व्हय?’

‘आमच्यात बक्कल बायका केसाला लावत्यात,’ बनाबाईंनी मध्येच आपली बाजू मांडली. ‘ती बी बक्कळ न्हाईत. दोनच हायत.’

‘तू गप बस गं. ऊठ रं मानसिंग.’ आकारामांनी पटका डोक्यावर ठेवला.

नाथाजी उभेच होते. तिसरं स्थळ दारातून परत चाललं होतं, तेही त्यांनी स्वतः शब्द देऊन आणलेलं. दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. आणि हा शब्द तर त्यांना धड उच्चारताही येत नव्हता.

‘थांबा,’ दादासो मास्तर म्हणाले. ‘भांडण शब्दावरनं आहे ना? मग शब्दाला विचारू. माझी डिक्शनरी घेऊन येतो. तोवर कुणी उठायचं नाही.’

मास्तर म्हणाले आणि गेले, त्यामुळं कुणाला उठता येईना. वर्ग सोडून गेलेल्या मास्तरांची वाट बघतात तशी मंडळी बसली. शालूबाईंनी, भांडण वेगळं आणि चहा वेगळा म्हणून, पुन्हा चहा टाकला. दहा मिनिटांनी मास्तर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला जाडजूड ग्रंथ घेऊन आले, चष्मा पुसला आणि मांडीवर उघडून बसले. किती दिवसांनी त्यांच्यासमोर विद्यार्थी होते.

‘बक्कल,’ ते म्हणाले. ‘शब्द इंग्रजांचा. अर्थ: पट्ट्याची दोन टोकं अडकवायची कडी, मधे जीभ असलेली. आता इंग्रजांनी तो आणला फ्रेंचांकडनं. फ्रेंचांच्यात आधी त्याचा अर्थ ढालीच्या मधला फुगवटा असा होता.’

‘ढाल न्हाई आमच्याकडं,’ आकाराम सावधपणे म्हणाले. एव्हाना ते कसलीही कबुली द्यायला तयार नव्हते.

‘ऐका. फ्रेंचांनी तो घेतला रोमन लोकांच्या लॅटिनमधनं. मूळ शब्द बुक्का.’

‘बुक्का ठाव हाय. कपाळाला लावत्यात.’

‘लॅटिनमधे बुक्का म्हणजे गाल. त्याचं लहान रूप बुक्क्युला, म्हणजे गालुला. रोमन शिपायाच्या शिरस्त्राणाला गालावरनं एक पट्टा यायचा, हनुवटीखाली बांधायला. त्या पट्ट्याला म्हणायचे गालुला. पुढं पट्ट्याचं नाव कडीला पडलं आणि कडी गालावरनं उतरून कमरेला गेली. म्हणजे काय? बक्कल म्हणजे मुळात बारका गाल.’

मास्तरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं. कुणी वहीत लिहून घेत नव्हतं.

‘मंजे पोराकडं बारका गाल हाय,’ शालूबाई म्हणाल्या. ‘आनि बागा न्हाईत.’

‘क्रियापदही आहे,’ मास्तर पुढं वाचू लागले, ‘त्याचा अर्थ दाबानं वाकणं, पण तो...’

‘मास्तर,’ नाथाजी म्हणाले, ‘कुठनं कुठं बांदायचा म्हनलासा त्यो पट्टा?’

‘गालावरनं हनुवटीखाली.’

नाथाजी पुढं आले आणि सोप्याच्या मधोमध उभे राहिले. सावधानमध्ये. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी व्रणावर ठेवलं.

‘शालू, हितं बग. ह्ये बक्कल.’

‘ती गोळी हाय,’ शालूबाई म्हणाल्या.

‘गोली न्हाई. मी गोली कवा म्हनलो? तुमीच म्हनलासा. पासस्ट साली राशनचा ट्रक घिऊन निगालो हुतो. मागं बटाट्याच्या पोत्यावर बसलो हुतो मी, डोक्याला लोखंडी टोप, टोपाचा पट्टा हितनं हितं. म्होरं म्हस आडवी आली. ड्रायव्हरनं बिरेक मारला. मी पोत्यावरनं म्होरं फलीवर तोंडावर पडलो, आनि पट्ट्याचं बक्कल गालात घुसलं. पितलेचं हुतं. तीन टाके पडले. म्हशीला काय झालं न्हाई.’

बोट अजून व्रणावरच होतं.

‘ह्येला म्हनत्यात बक्कल,’ नाथाजी म्हणाले. ‘ह्ये पोराच्या पट्ट्याला हाय, नंबर घातल्यालं. ह्येच म्हनलो हुतो मी. पोरगं पोलिसात हाय.’

दहा-बारा वर्षं वापरलेली गोळी त्यांनी अशी सगळ्यांसमोर परत केली. सव्वीस जानेवारीच्या खुर्चीचं पुढं काय होईल हे त्यांना त्या क्षणी सुचलं असणारच, कारण सोप्याच्या खिडकीत तोवर गल्लीतली चार डोकी जमलेली होती. पण त्यांची मान हलली नाही.

पहिल्यांदा हसल्या बनाबाई. तोंडाला पदर लावून हसल्या, पण म्हशीपाशी त्यांना आवरेना. मग आकारामांचा पटका हलायला लागला. ‘आयला हवालदार,’ ते म्हणाले, ‘मी गावभर सांगून आलोय, गोळी खाल्लेल्या माणसाच्या घरात सोयरिक करतोय म्हनून! आता काय सांगू? बटाट्यावरनं पडल्याला?’

‘सांगा की,’ नाथाजी म्हणाले. ‘सरकारी बटाटं हुतं.’

शालूबाई तेवढ्या हसत नव्हत्या. एक बाग त्यांनी आठवडाभर मनात वाढवली होती. तिला घड लागले होते, ते विकूनही झाले होते. ती अशी एका म्हशीपायी मोडून टाकायची म्हणजे वेळ लागणारच. त्या उठून आत गेल्या. आत मनू परातीत हात घालून उभी होती. पुढचं बोलणं दाराला कान लावायची गरज न पडता सोप्यात ऐकू आलं.

‘ऐकलंस का? दोन एकर बाजरी.’

‘ऐकलं.’

‘बागा न्हाईत.’

‘आई, बागा न्हाईत तर बागंतलं कामबी न्हाई.’ मनूच्या दोन्ही हातांवर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या बारीक रेघा होत्या. त्या दर वर्षी नव्या यायच्या. ‘पोलिसांला लाईनीत खोली मिळती. नळ असतोय.’

‘आनि पोरगं? केस बघितलंस का त्येचं?’

‘वाढत्यात केस.’

शालूबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि आकारामांना म्हणाल्या, ‘बसा पाव्हणं. पटका काढून बसा.’ मानसिंग इतका वेळ भिंतीकडं बघत बसला होता. आता त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आणखी पोहे आहेत का विचारलं.

सुपारी फुटली. दादासो मास्तरांनी डिक्शनरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. जाता जाता त्यांनी नाथाजींचा गाल जवळून पाहिला आणि म्हणाले, ‘एवढी मूळ अर्थाला धरून राहिलेली जखम मी पाहिली नाही.’

शालूबाईंची एकच अट राहिली. ज्याच्यावरून एवढं रामायण झालं ते बक्कल लग्नानंतर तरी हवालदारांनी स्वतः डोळ्यांनी बघून यावं. ‘मला काय त्यातलं कळत न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी बगा, नंबर वाचा, आनि येऊन सांगा.’ नाथाजींनी ती ड्यूटी पत्करली.

वैशाखात लग्न झालं. मानसिंग जिथं नेमला होता त्या ठाण्याचं नाव इथं देत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. गावात गोळीची गोष्ट मागं पडली आणि म्हशीची चालू झाली, आणि खरं सांगायचं तर तिला जास्त मागणी होती. सव्वीस जानेवारीला खुर्ची पहिल्या ओळीतच राहिली. हेडमास्तरांनी एवढंच केलं, की भाषणात ‘देशासाठी रक्त सांडलेले’ याच्यापुढं ‘म्हणता येईल असे’ हे तीन शब्द घातले.

पाऊस लागायच्या आत नाथाजी लेकीकडं जाऊन आले. सोबत पितळ घासायच्या पॉलिशचा डबा आणि मऊ फडकं नेलं होतं. जावयाला बक्कल कसं लखलखवायचं ते दाखवावं, असा बेत होता. मनूची खोली दहा बाय दहा होती, नळ बारा खोल्यांत एक होता आणि त्याला सकाळी दीड तास पाणी असायचं. मनू पहाटे उठून नंबर लावत होती आणि खूश होती. हातांवरच्या रेघा भरून आल्या होत्या. मानसिंगचे केस वाढले नव्हते, कारण ते वाढू देत नाहीत. दुपारी तो ड्यूटीवरून आला. दोघं जेवले, आणि जेवण झाल्यावर सासऱ्यानं जावयाला पट्टा दाखवायला सांगितलं. मानसिंगनं शर्ट वर केला. नाथाजींनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी पॉलिशचा डबा तसाच मनूच्या फळीवर ठेवला, समई घासायला होईल म्हणाले, आणि संध्याकाळची गाडी धरली.

शालूबाई दारातच होत्या.

‘बघितलं का?’

‘बघितलं.’

‘नंबर वाचलासा?’

‘तेराशे सत्तेचालीस.’

‘पितळंचंच हाय ना?’

‘पितलेचंच. लय चकचकतंय.’ नाथाजींनी टोपी खुंटीला अडकवली. ‘पोरगी सुखात हाय. नल हाय.’

शालूबाईंनी कानातल्या कानात दोन-तीन दुरुस्त्या करून घेतल्या आणि त्यांचं समाधान झालं. हवालदारांनी अठरा वर्षं सरकारी स्टोअर सांभाळलं होतं. कागदावर दिलेली वस्तू आणि हातात दिलेली वस्तू यांच्यामध्ये किती महिने जाऊ शकतात हे त्यांना माहीत होतं, आणि ते बायकोला सांगितलंच पाहिजे असा नियम त्यांच्या वाचनात आलेला नव्हता.

मानसिंगच्या सेवापुस्तकात त्या महिन्याची नोंद अशी आहे: ‘बक्कल क्रमांक १३४७, पोलीस शिपाई मानसिंग आकाराम जगदाळे, यांस गणवेष दोन, कमरपट्टा चामडी एक, बक्कल पितळी क्रमांकासह एक, सुस्थितीत देण्यात आले व ते त्यांनी तपासून, मोजून व नीट बांधून पाहून स्वीकारले. तक्रार नाही.’

त्या दुपारी मानसिंगच्या पट्ट्याला सुतळी होती.